तापाचं नाव नंतर, आधी श्वास मोजा

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकातून चार वाटा फुटतात. एक घाट उतरून बीडला, दुसरी नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला, तिसरी चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूरकडे आणि चौथी पाटोद्याकडे. तापाने फणफणलेलं माणूस घेऊन यातल्या कोणत्याही वाटेने निघालेल्या घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: ताप कसला? डेंग्यू, मलेरिया की टायफॉईड? प्रश्न रास्त आहे, पण पहिल्या तासात त्याचं उत्तर बहुतेकदा मिळत नाही, आणि जीव वाचवायला ते लगेच लागतंच असंही नाही. तातडीच्या कक्षातला डॉक्टर आधी वेगळाच प्रश्न सोडवत असतो: हा संसर्ग अवयवांपर्यंत पोचला आहे का?

जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा तोल जातो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू असे अवयव बिघडायला लागतात, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. त्यात रक्तदाब कोसळला आणि सलाईननेही सावरला नाही, तर तो सेप्टिक शॉक. साधा ताप दोन दिवस अंगावर काढला तर बहुधा निभावतं. सेप्सिस मात्र तासांच्या हिशेबाने वाढतो. म्हणून ही कृती दोन भागांत आहे: घरापासून गाडीपर्यंत आणि कॅज्युअल्टीच्या दारापासून पुढे. पहिला भाग तुमच्या हातात आहे. दुसरा डॉक्टरांच्या हातात असला, तरी काय चाललंय ते कळलं तर तुमची मदत होते, लुडबुड होत नाही.

घरात काय असावं

सेकंद दिसणारं घड्याळ किंवा मोबाईल, काखेत धरायचा थर्मामीटर, पॅरासिटामॉलच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, कागद-पेन. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असला तर उत्तम. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुन्या दवाखान्याचे कागद एकाच पिशवीत ठेवा. वस्तीवर किंवा ऊसतोडीच्या कोपीवर राहत असाल तर ही पिशवी सोबतच न्या.

पहिला भाग: घरापासून गाडीपर्यंत

१. चार गोष्टी तपासा.

श्वास: रुग्णाला न सांगता मोजा, कारण कळलं की माणूस श्वास बदलतो. हात पोटावर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. मोठ्या माणसात मिनिटाला २२ किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण. मुलांचा हिशेब वेगळा: दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक. मूल रडत असेल तर शांत झाल्यावर मोजा.

शुद्ध: नाव, गाव, आज कोणता वार, असं विचारा. असंबद्ध बडबड, सतत गुंगी, हाक मारली तर उशिरा ओ देणं किंवा नेहमीचं माणूस न ओळखणं, यातलं काहीही गंभीर आहे. म्हातारी माणसं कधी कधी तापतही नाहीत, नुसती गप्प होतात किंवा भ्रमिष्टासारखी वागतात. ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

हातपाय: रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीला धरा, बोटाचं नख पाच सेकंद दाबा आणि सोडा. पांढरं पडलेलं नख तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. अंग तापलेलं आणि तळहात-तळपाय मात्र गार, ही जोडी वाईट. नखांवर मेंदी किंवा पॉलिश असेल तर ओठ आणि जीभ पाहा. अशा वेळी ऑक्सिमीटरही फसवू शकतो.

लघवी: शेवटची लघवी कधी आणि किती झाली? सहा-आठ तासांत थेंब नसेल, तर रक्तपुरवठा मूत्रपिंडापर्यंत नीट पोचत नाही, असं समजा.

यातली एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नका. आणि चारही ठीक दिसल्या म्हणून निर्धास्तही होऊ नका. दर दोन तासांनी पुन्हा तपासा.

२. या रुग्णांना खुणांची वाट पाहू नका.

दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला किंवा उलट त्याचं अंग गार पडलं. दूध ओढत नसलेलं, प्यालेलं सगळं ओकणारं किंवा झटके आलेलं मूल. बाळंतपण किंवा गर्भपात होऊन ४२ दिवस झाले नाहीत अशी बाई, तिला ताप, ओटीपोटात दुखणं किंवा घाण वासाचा स्राव असेल तर. मधुमेही, डायलिसिसवरचा, कॅन्सरची औषधं चालू असलेला किंवा प्लीहा काढलेला माणूस. ताप आणि मान आखडलेली. ताप आणि अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके. जखमेच्या मानाने भलतंच दुखणं: कोयत्याची साधी चीर, पण पाय सुजून कातडी काळी-निळी पडते आणि वेदना सहन होत नाहीत. हा मांस सडवणारा संसर्ग असू शकतो आणि त्याला इंजेक्शन पुरत नाही, शस्त्रक्रिया लागते.

३. निघण्याआधी एवढंच करा.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी. मुलाला वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. पुढचा डोस सहा तासांनी. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर घोट-घोट ओआरएस. गुंगीत असेल तर तोंडाने काहीही देऊ नका, कुशीवर झोपवा.

काय टाळायचं तेही तितकंच महत्त्वाचं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडाला पहिल्या दोन गोळ्या जड जातात. ‘ताकदीचं’ म्हणून सलाईनमध्ये डेक्सामेथासोन घालून घेऊ नका. स्टेरॉइडने ताप उतरतो, माणूस काही काळ टवटवीत दिसतो आणि आजार आतून वाढत राहतो. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही देऊ नका. रोग जात नाही, पण नंतरच्या तपासणीत जंतू मात्र सापडत नाही.

४. चिठ्ठी लिहा.

कॅज्युअल्टीत चार नातेवाईक चार गोष्टी सांगतात. एका कागदाने डॉक्टरांची दहा मिनिटं वाचतात. चिठ्ठी अशी असावी:

‘पुरुष, वय ४६, वजन अंदाजे ५५ किलो. ऊसतोड, आठ दिवसांपूर्वी परत आला. ताप ५ दिवस, थंडी वाजून. आज पहाटेपासून बडबड. ४ वाजता श्वास २८. लघवी काल रात्री ९ नंतर नाही. काल संध्याकाळी गावात एक इंजेक्शन, नाव माहीत नाही, रिकामी बाटली सोबत. साखरेची गोळी चालू. पेनिसिलीनने अंगावर गांधी येतात. पॅरासिटामॉल ६५०, ३.३० वाजता.’

यात कामाचं ठिकाण लिहिलंय, ते उगीच नाही. उसाच्या फडात, गवतात, गोठ्यात किंवा साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्याच्या तापाची यादी घरी बसणाऱ्याच्या यादीपेक्षा लांब असते: स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस, जखमेतून शिरलेले जंतू. हंगामात पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला माणूस तिकडचा मलेरियाही घेऊन येऊ शकतो. म्हणून ‘कुठून आला, कधी आला’ हे औषधांच्या यादीइतकंच कामाचं आहे.

५. १०८ ला फोन करा आणि जागा नेमकी सांगा.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. नुसतं ‘मांजरसुंबा चौक’ सांगितलं तर गाडी चुकीच्या तोंडाला उभी राहू शकते. बीड, केज, चौसाळा की पाटोदा, यातल्या कोणत्या रस्त्याला आणि कोणत्या खुणेजवळ, ते सांगा. मग लगेच म्हणा: ‘ताप आहे, शुद्ध हरपतेय, श्वास २८.’ ‘पेशंट सीरियस आहे’ यापेक्षा या तीन गोष्टींवर गाडीतला डॉक्टर तयारी करू शकतो. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेची गर्दी असते, तेव्हा रुग्णाला मुख्य रस्त्यापर्यंत आणून ठेवा.

कुठे न्यायचं ते अंतर आणि गरज पाहून गाडीतल्या डॉक्टरांशी ठरवा. नेकनूरचं सरकारी रुग्णालय सगळ्यात जवळ, पहिली सलाईन आणि पहिलं इंजेक्शन तिथे मिळू शकतं. बीडचं सिव्हिल घाटाखाली वीसेक किलोमीटरवर. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांचं ‘स्वाराती’, बरंच लांब आहे. रक्तदाब कोसळलेला रुग्ण घेऊन जवळचं दार ओलांडून लांबच्या मोठ्या दवाखान्याकडे धावणं हा या रस्त्यावरचा नेहमीचा मोह आहे. आधी सावरा, मग हलवा.

दुसरा भाग: कॅज्युअल्टीच्या दारापासून

६. पहिली दहा मिनिटं: आकडे.

नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, ताप, शुद्धीची पातळी आणि बोटाच्या टोकातून साखर. साखर आधी पाहतात, कारण कमी साखरेनेही माणूस बडबडतो आणि त्याचा इलाज दोन मिनिटांत होतो. वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली, श्वास २२ किंवा अधिक आणि शुद्धीत बदल, या तिन्हींपैकी दोन असतील तर धोका मोठा. सेप्सिसची आजची व्याख्या २०१६ साली ठरली, तेव्हा हा झटपट हिशेब पुढे आला. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र बजावलं की चाळणी म्हणून एवढ्या एकाच हिशेबावर विसंबू नये. म्हणून अनुभवी डॉक्टर आकडे पाहतो आणि ‘आमचा माणूस आज वेगळाच वागतोय’ हे घरच्यांचं वाक्यही ऐकून घेतो.

७. कपडे काढून पूर्ण तपासणी.

इथे संकोच आड येतो आणि निदान निसटतं. स्क्रब टायफसमध्ये अतिसूक्ष्म किडीची अळी चावते, त्या जागी काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजत नाही आणि सापडते काखेत, जांघेत, स्तनाखाली, नाडीच्या गाठीखाली, कानामागे. म्हणजे जिथे कोणी पाहत नाही तिथेच. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात या आजाराची साथ आली होती. खपली दिसली की डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू करतात, तपासणीच्या कागदाची वाट पाहत नाहीत. बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. पण खपली नाही म्हणून हा आजार नाही, असंही नसतं. बाईला तपासताना स्त्री कर्मचारी हजर ठेवण्याची मागणी तुम्ही करू शकता, तपासणी नाकारू मात्र नका.

याच वेळी पायाच्या बोटांच्या बेचक्या, पाठीवरचे फोड, दात, कानातला पू, मान आणि पोट पाहतात. मधुमेह्याच्या तळपायाला टोचलेला काटा घरच्यांना माहीतच नसतो.

८. आधी रक्त, मग लगेच अँटिबायोटिक.

शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल, तर अँटिबायोटिक ओळख पटल्यापासून एका तासाच्या आत जायला हवं. शॉक नाही आणि शंकाही धूसर असेल, तर तीन तासांपर्यंत तपासून ठरवता येतं. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त त्याआधी घेतात, शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांहून. त्याचा निकाल दोन-तीन दिवसांनी येतो आणि तेव्हा औषध बदलायचं की थांबवायचं हे कळतं. कल्चरची सोय नसेल तर औषध थांबवून ठेवत नाहीत. मेंदूज्वराची शंका असेल तर सीटी स्कॅनच्या रांगेत औषध अडकता कामा नये.

बाकी तपासण्यांना आपापली वेळ असते. मलेरियाची पट्टी आणि काचेवरचा थेंब लगेच, पहिली नकारात्मक आली तरी पुन्हा. डेंग्यूची एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम. टायफॉईडसाठीची विडाल तपासणी आपल्याकडे फार लोकप्रिय, पण पहिल्या आठवड्यात ती फसवते. जुना टायफॉईड, लस किंवा भलताच ताप असला तरी ती वाढलेली येते. ‘विडाल पॉझिटिव्ह’ एवढ्यावर टायफॉईडचा शिक्का मारून बसलं, तर खरा आजार मागे राहतो. रक्तातलं लॅक्टेट मोजायची सोय असेल तर ते २ च्या वर जाणं म्हणजे पेशींना प्राणवायू अपुरा पडत असल्याचा इशारा.

९. सलाईन मोजून द्या.

शॉकमधल्या मोठ्या माणसाला पहिल्या तीन तासांत दर किलोला ३० मिलिलिटर हा आरंभीचा हिशेब. ६० किलोच्या माणसाला १८०० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साधारण साडेतीन बाटल्या, शक्यतो रिंगर लॅक्टेट. पण सगळ्या बाटल्या एका दमात लावून कोणी निघून जात नाही. प्रत्येक बाटलीनंतर नखाचा रंग, नाडी, रक्तदाब पुन्हा पाहतात आणि फुप्फुसाच्या तळाशी कान लावतात. तिथे बुडबुड ऐकू आली तर पाणी जास्त झालं. तेवढ्यानेही रक्तदाब सावरत नसेल तर रक्तदाब चढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पंप. सरासरी रक्तदाब ६५ ठेवणं हे ध्येय.

मुलांमध्ये हात आणखी आवरता. आफ्रिकेत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणी तापाच्या गंभीर मुलांना भराभर सलाईन दिल्याने मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. डेंग्यूतही सलाईन जपूनच: तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तेव्हाच केशवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि नेमक्या त्या वेळी पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिसुस्ती आली तर धोका. ‘पेशी (प्लेटलेट) कमी झाल्या’ म्हणून घाबरून पेशींच्या पिशव्यांसाठी धावपळ करू नका. रक्तस्राव नसेल आणि आकडा दहा हजारांच्या वर असेल तर त्या सहसा देत नाहीत. लक्ष हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) आणि रक्तदाबावर ठेवायचं असतं.

१०. पुन्हा मोजा, मग ठरवा.

दर अर्ध्या तासाने तेच आकडे. लघवीची नळी घातली असेल तर तासाला दर किलोला अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोला ३० मिलिलिटर लघवी हवी. पू कुठे साठला असेल तर तो काढल्याशिवाय औषध जिंकत नाही: गळू फोडायचं, अडलेलं मूत्रपिंड मोकळं करायचं, गर्भाशयात अडकलेले वारेचे तुकडे काढायचे.

मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं तर रेफरच्या कागदावर चार गोष्टी आहेत ना, हे तुम्ही पाहा: अँटिबायोटिकचं नाव आणि वेळ, किती सलाईन गेली, शेवटचा रक्तदाब, कल्चरचं रक्त घेतलं की नाही. पुढच्या डॉक्टरांना फोन केलाय का, तेही विचारा.

संसर्गासारखं दिसणारं, पण संसर्ग नसलेलं

तातडीच्या कक्षात याच अवस्थेत इतर रुग्णही येतात आणि त्यांचा इलाज अगदी वेगळा असतो.

उष्माघात: एप्रिल-मेच्या उन्हात काम करणारा, अंग ४० अंशांच्या वर, बेशुद्ध. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. थंड करणं हाच इलाज, तो गाडी येण्याआधी सुरू करा.

मण्यार: रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि उलट्यांनी उठतो, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. चाव्याची खूण दिसत नाही, सूजही नसते. याला अपचन किंवा ताप समजू नका. सर्पविषावरचं इंजेक्शन आणि श्वासाचं यंत्र लागतं.

विंचू: दरदरून घाम, गार हातपाय, जोराची धडधड, मुलांत श्वास लागणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून यातले मृत्यू पुष्कळ घटले. ही गोळी डॉक्टरांनी रक्तदाब पाहूनच द्यायची.

फवारणीचं विष: बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडाला फेस, अंगाला औषधाचा वास. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, बाटली सोबत न्या.

शेवटचा प्रकार मात्र संसर्गच आहे: मुलाला ताप येऊन काही तासांतच झटके आणि बेशुद्धी आली, तर डॉक्टर मेंदूज्वराच्या विषाणूंचाही विचार करतात. त्यातला चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात सापडला, म्हणून त्याला हे नाव. तो वाळूमाशीमुळे पसरतो आणि त्यावर खास औषध नाही. झटके थांबवणं, श्वास आणि साखर सांभाळणं, यावरच भिस्त.

खर्च, सुट्टी आणि त्यानंतर

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. खासगी दवाखान्यात न्यावं लागलं तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे दाखल होतानाच विचारा, नंतर नाही.

सुट्टी घेताना कल्चरचा निकाल, औषधांचे दिवस आणि पुन्हा दाखवायची तारीख लिहून घ्या. ताप गेला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. सेप्सिसमधून उठलेल्या माणसाला काही आठवडे, कधी काही महिने थकवा, झोपमोड, विसराळूपणा आणि केस गळणं जाणवतं. हा आळस नव्हे. फडावर जायची घाई असेल आणि मुकादमाचा उचलीसाठी तगादा असेल, तर किती दिवस जड काम नको, हे डॉक्टरांकडून शिक्क्यासह लिहून घ्या. पुन्हा ताप, धाप किंवा लघवी कमी झाली तर तेच कागद घेऊन त्याच दिवशी परत जा. आणि कोयता चालवणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस कधी घेतली होती, ते दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्यावं. दहा वर्षं उलटली असतील तर ती तिथेच टोचून घ्यावी.